मध्यंतर त्याच्यासाठी

डिसेंबरात इंदूरची संध्याकाळ एकदम गार पडते. दुपारी स्वेटर अंगाला टोचतो आणि रात्री आठला कोटा फरशीवर अनवाणी पाय ठेववत नाही. साडेपाचशे मीटर उंचीवरच्या माळव्याच्या पठाराचा हा स्वभावच आहे. ‘शब-ए-मालवा’ म्हणून जिचं कौतुक होत आलं, ती हीच रात्र. रामबाग, लोकमान्यनगर, सुदामानगरातल्या घरांत शनिवारी जेवणं आटोपली की दिवाणावर रजया येतात, शेवेचा डबा निघतो, सिनेमा लागतो. आणि घरातला कुत्रा या सगळ्या मांडामांडीत पायात पायात येत राहतो. कारण जागा सगळ्यांची ठरलेली असते, त्याचीच तेवढी नसते.

आपण आधी सिनेमा ठरवतो आणि मग त्यात कुत्र्याला कुठे बसवायचं ते बघतो. हा क्रम उलटा करावा, एवढंच मला सांगायचं आहे. त्याचं पोट, त्याचं मूत्राशय, त्याचे कान आणि त्याची झोप यांच्यावर रात्र बेतावी. मग सिनेमा कुठलाही असो, तीन तास घर शांत राहतं. हे केलं नाही की काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. विसाव्या मिनिटाला कुंईकुंई, चाळिसाव्या मिनिटाला दारापाशी नखांचा आवाज, आणि ऐन रंगात आलेल्या प्रसंगात पडद्यावरची बेल वाजली की भुंकणं.

आधी तो पडद्यावर काय बघतो ते पाहू. कुत्र्याच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात, आपल्यात तीन. त्याला निळं आणि पिवळं नीट दिसतं. लाल रंग काळपट-तपकिरी होतो, हिरवं शेत फिकट पिवळट. नायिकेची लाल पैठणी त्याच्या लेखी मातकट वस्त्र आहे. बारकावेही त्याला आपल्यापेक्षा कमी दिसतात. आपल्याला बावीस-तेवीस मीटरवरून जे स्पष्ट दिसतं, त्यासाठी त्याला सुमारे सहा मीटरवर यावं लागतं. मात्र हालचाल पकडण्यात तो आपल्या पुढे आहे. जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवर चित्र सेकंदाला ५० वेळा उमटायचं. आपल्याला ते सलग दिसायचं, पण कुत्र्याची नजर सेकंदाला साधारण ७५ पर्यंतची लुकलुक वेगळी ओळखते. त्यामुळे त्याच्यासाठी तो टीव्ही म्हणजे फडफडणारा दिवाच होता. आत्ताचे एलईडी पडदे तसे लुकलुकत नाहीत. म्हणून जुन्या पिढीतले कुत्रे टीव्हीकडे ढुंकून बघायचे नाहीत आणि आत्ताचे मान वाकडी करून बघतात, यात नवल काही नाही. २०२४ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या पशुवैद्यक विभागाची एक पाहणी प्रसिद्ध झाली. तिच्यात पाळणाऱ्यांनी सांगितलं की कुत्र्यांचं लक्ष सगळ्यात जास्त खेचतात ते पडद्यावरचे प्राणी, आणि त्यातही दुसरे कुत्रे.

कानाची गोष्ट आणखी वेगळी. आपल्याला २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला साधारण ४५,००० पर्यंत. सिनेमाचा आवाज सेकंदाला ४८,००० नमुने घेऊन साठवलेला असतो, म्हणजे त्यात त्याच्या निम्म्याच्या, २४,००० हर्ट्झच्या, वरचं काही उरतच नाही. खऱ्या कुत्र्याच्या भुंकण्यातला वरचा पदर पडद्यावरच्या भुंकण्यात नसतो, आणि वास तर नसतोच. पुष्कळ कुत्रे टीव्हीच्या मागे जाऊन हुंगतात ते यासाठी. आवाज आला, चेहरा दिसला, आणि वास मात्र कुणाचाच नाही. दोनदा हुंगून हिशेब लागला की बरेचसे परत येऊन पडतात. त्या दोन चकरा मारू द्याव्यात. ओरडून बसवलेला कुत्रा बसतो, पण त्याचं कोडं सुटलेलं नसतं.

सिनेमा नऊला लावायचा असेल तर तयारी सव्वासहालाच सुरू होते. सव्वासहा-साडेसहाला तीस ते चाळीस मिनिटं फिरवून आणावं, आणि त्यातली निदान पंधरा मिनिटं त्याला हवं तिथे हुंगू द्यावं. झपझप चालून कुत्र्याचे पाय दमतात, हुंगून डोकं दमतं, आणि तीन तास पडून राहायला डोकं दमलेलं लागतं. घरी आल्यावर अर्धा तास थांबून जेवण. लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्ड, डोबरमन अशा खोल छातीच्या जातींत भरल्या पोटी धावपळ झाली तर पोट फुगून पिळा पडण्याचा धोका असतो आणि त्यात तासांत जीव जाऊ शकतो. म्हणून जेवणानंतर चेंडू नाही, मुलांबरोबर दंगा नाही. पावणेनऊला पुन्हा एकदा खाली नेऊन शू करवून आणावी. ही दुसरी फेरी बहुतेक घरांत राहून जाते. ‘आत्ताच तर जाऊन आला’ असं वाटतं, पण मधे तो जेवलेला असतो आणि वाटीभर पाणी प्यायलेला असतो.

फिरून आल्यावर पाय कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसावेत आणि बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात. ओल राहिली की तिथे बुरशी धरते. पाय पुसताना पंजा नाकाजवळ नेऊन बघा. निरोगी पंजाला मक्याच्या लाह्यांसारखा हलका, भाजका वास येतो. बेचक्यांत राहणाऱ्या नेहमीच्या जिवाणूंचा तो वास, त्यात काळजीचं काही नाही. तोच वास आंबूस आणि उग्र झाला, कातडी लाल दिसली आणि तो पंजा चाटत सुटला, तर मात्र डॉक्टर.

त्याच बैठकीत गोचीड बघायची. रजईत कुत्रा घ्यायचा तर हे काम टाळता येत नाही. डोळ्यांनी नाही, बोटांनी बघायची: कानाच्या आतली घडी, पट्ट्याखालची मान, काखा, जांघा, शेपटीचं मूळ, बोटांच्या बेचक्या. केसांतून उलट दिशेने बोटं फिरवली की मसुराएवढा कठीण दाणा लागतो. बारीक टोकाच्या चिमट्याने तो कातडीच्या अगदी लगत धरायचा आणि सरळ वर, सावकाश ओढायचा. पिरगाळायचा नाही. रॉकेल, तेल, जळती काडी यातलं काही लावायचं नाही, कारण चिडलेली गोचीड सुटण्याआधी पोटातलं कुत्र्याच्या रक्तात ओकते आणि गोचीडतापाचे जंतू त्यातूनच जातात. काढलेली गोचीड नखाने चिरडू नये, स्पिरिटच्या बाटलीत टाकावी. माळव्यात पावसाळा आणि त्यानंतरचे दोन महिने हे रोज बघावं लागतं. थंडीत त्या कमी होतात, पण घरातल्या कुत्र्याच्या अंगावर आणि भिंतीच्या फटींत त्या वर्षभर टिकतात.

आता त्याची जागा. बाजारात कुत्र्यांसाठी फोमच्या गाद्या मिळतात, पण आपल्या घरांतल्या जुन्या लुगड्यांच्या गोधडीसारखं काही नाही. ती चार पदरी दुमडली की कोटा फरशीचा गारठा वर येत नाही. पातळ असल्यामुळे तो ती पंजांनी ओढून हवी तशी चुरगळून घेतो. आणि मुख्य म्हणजे तिला घराचा वास असतो. लांबी किती? तो आडवा पसरलेला असताना नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत माप घ्यावं आणि त्यात वीतभर जास्त धरावी. गोधडी दर आठवड्याला धुवावी, मात्र एकदम दोन्ही धुवू नयेत. दोन ठेवाव्यात आणि आलटून पालटून वापराव्यात. पूर्ण धुतलेल्या, साबणाच्या वासाच्या गोधडीवर पुष्कळ कुत्रे पहिल्या दिवशी बसत नाहीत.

गोधडी टाकायची ती आतल्या भिंतीला, गॅलरीच्या दारापासून लांब, आणि तुमचा हात खाली सोडला तर त्याच्या पाठीला लागेल एवढ्या अंतरावर. गॅलरीजवळ टाकली तर गल्लीतल्या प्रत्येक भुंकण्याला तो उत्तर देणार. पलीकडच्या भिंतीला टाकली तर तो तिथे राहणार नाही, कारण त्याला सिनेमा नको असतो, तुम्ही हवे असता. टीव्हीपासून दोन-अडीच मीटर लांब, आणि साउंडबारच्या सरळ तोंडासमोर नाही.

‘जागा’ हा शब्द शिकवायला आठ-दहा दिवस लागतात, आणि हे सिनेमाच्या रात्री शिकवायचं काम नाही. पहिले दोन दिवस टीव्ही बंद. गोधडी अंथरून गप्प उभं राहावं. त्याने पंजा ठेवला की हरभऱ्याएवढा पनीरचा किंवा उकडलेल्या चिकनचा तुकडा गोधडीवरच ठेवावा. हाताने भरवायचा नाही, नाहीतर तो हाताकडे बघायला शिकतो. तिसऱ्या दिवसापासून तो आपणहून आडवा पडेपर्यंत थांबावं आणि मग दर पाच सेकंदांनी, मग दहा, मग वीस, मग मिनिटाने तुकडा. पाचव्या दिवशी टीव्ही लावून आवाज बंद ठेवावा. सातव्या दिवशी बारीक आवाजात वीस मिनिटांचा एखादा भाग. तो उठून गेला तर ओरडायचं नाही. आपण वेळ फार भरभर वाढवली एवढाच त्याचा अर्थ, एक पायरी मागे यायचं. घाई केलेल्या घरांत ‘जागा’ हा शब्द शिक्षेसारखा ऐकू यायला लागतो आणि मग तो कितीही वेळा म्हटला तरी उपयोग नसतो.

कुत्रा खरोखर निवांत झाला की नुसता बसला आहे, हे त्याच्या मागच्या पायांवरून कळतं. चारही पाय अंगाखाली घेऊन, मान वर करून बसलेला कुत्रा पहाऱ्यावर आहे, क्षणात उठेल. मागचा भाग एका बाजूला कलंडला, मागचे दोन्ही पाय एकाच बाजूला आले, हनुवटी फरशीला टेकली आणि नाकातून एक लांब उसासा आला की समजावं, आता सिनेमा लावायला हरकत नाही. तो उसासा येईपर्यंत मी तरी पडदा सुरू करणार नाही. याउलट जिभेने नाक चाटणं, झोप नसताना जांभया, कान मागे, डोळ्याच्या कडेला पांढरं दिसणं आणि थंडीतही धाप लागणं ही अस्वस्थपणाची खूण आहे.

सोफ्यावर घ्यावा की नाही, यावर घराघरांत भांडणं आहेत. माझं मत असं, की बोलावल्यावर यावा आणि सांगितल्यावर उतरावा, एवढं असेल तर खुशाल घ्यावा. डॅक्सहुंडसारख्या लांब पाठीच्या कुत्र्याला आणि म्हाताऱ्या लॅब्रेडॉरला मात्र सोफ्यावरून उडी मारू देऊ नये. पंचेचाळीस सेंटीमीटरची ती उडी पाठीच्या मणक्यांवर आणि खांद्यांवर येते. मधे वीस-बावीस सेंटीमीटर उंचीचा भरीव फोमचा तुकडा ठेवावा आणि त्यावर सतरंजी, म्हणजे पाय घसरत नाहीत. पग आणि शिह त्झू चपट्या नाकाचे. रजईखाली ते फार लवकर तापतात. त्यांचं डोकं नेहमी बाहेर आणि एक बाजू उघडी हवी. खोलीत हीटर असेल तर गोधडीपासून निदान एक मीटर लांब. आणि बंद खोलीत कोळशाची शेगडी माणसासाठीही नको. तिच्या विषारी वायूला वास नसतो.

खाण्याबद्दल मात्र जरा सविस्तर लिहितो, कारण इंदूरच्या घरात सिनेमा म्हणजे खाणं, आणि आपल्याकडचं निम्मं खाणं त्याच्यासाठी विष आहे.

पहिली आपली लसणी शेव. लसूण आणि कांदा यांतली द्रव्यं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. कांद्याचं धोक्याचं प्रमाण वजनाच्या दर किलोमागे १५ ते ३० ग्रॅम मानतात. दहा किलोच्या कुत्र्याला एक मोठा कांदा पुरतो. लसूण त्याच्या तीन ते पाच पट तीव्र. चिमूटभर शेवेने लगेच काही होत नाही आणि म्हणूनच ती दिली जाते. पण थोडं थोडं रोज पोटात गेलं तरी ते नुकसान साठत जातं, आणि लक्षणं तीन-चार दिवसांनी दिसतात: हिरड्या फिकट, थकवा, लघवी गडद चहाच्या रंगाची. तोवर शनिवारची शेव कुणाच्या लक्षातही नसते. कांदा कचोरी, कांदा पेरलेले पोहे, सगळं याच यादीत. जीरावन हा तिखट मसाला भुरभुरलेला गराडू, म्हणजे तळलेला कंद, तोही नको. घट्ट दुधाच्या शिकंजीत मनुका असतील तर तिचा पेला टिपॉयवर ठेवू नये. द्राक्षं आणि मनुका कुत्र्याचं मूत्रपिंड निकामी करू शकतात, आणि किती खाल्ल्याने ते होईल याचा नेम नाही. एकाला मूठभर पचते, दुसऱ्याला थोड्याच बाधतात.

पावसाळ्यात भाजलेला भुट्टा. दाणे सोलून चार-पाच दिले तर चालतात, तिखट-मीठ-लिंबू नको. पण उरलेलं बुरकूस हाती लागू देऊ नका. ते पचत नाही, विरघळत नाही, त्याचा तुकडा आतड्यात बुचासारखा बसतो आणि पोट उघडल्याशिवाय निघत नाही. दोन दिवसांनी वारंवार उलट्या, जेवणाकडे पाठ, शी बंद, असं दिसलं तर डॉक्टरांना भुट्ट्याची गोष्ट आपणहून सांगावी, कारण एक्स-रेत बुरकूस नेहमी स्पष्ट दिसत नाही. खाऊन झालं की बुरकुसं लगेच स्वयंपाकघरातल्या झाकणाच्या डब्यात. सोफ्याशेजारच्या ताटलीत ठेवलेली बुरकुसं मध्यंतरात हमखास कमी भरतात.

चॉकलेटचा हिशेब ग्रॅमवर करता येतो. त्यातलं थिओब्रोमिन कुत्र्याच्या शरीरातून फार सावकाश निघतं. साध्या दुधाळ चॉकलेटच्या एका ग्रॅममध्ये ते साधारण २ मिलिग्रॅम असतं, काळ्या चॉकलेटमध्ये ५ किंवा जास्त. दर किलो वजनामागे २० मिलिग्रॅमला उलट्या, अस्वस्थपणा, धाप सुरू होते. ४० च्या पुढे हृदयाचे ठोके बिघडतात, ६० ला झटके येऊ शकतात. म्हणजे दहा किलोच्या कुत्र्याला काळ्या चॉकलेटचे ४० ग्रॅम, अर्धी वडी, त्रास द्यायला पुरे. बिनसाखरेच्या च्युइंगममध्ये गोडीसाठी घातलेलं झायलिटॉल याहून वाईट. दर किलोमागे ०.१ ग्रॅमने रक्तातली साखर अर्ध्या तासात कोसळू शकते. पीनट बटर घेतानाही डब्यावर हा शब्द शोधावा.

असं काही पोटात गेलंच तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. त्या मिठाचीच विषबाधा होते. काय खाल्लं, किती, किती वाजता, एवढं कागदावर लिहून वेष्टनासकट डॉक्टरकडे न्यावं. रात्री उघडा असलेल्या डॉक्टरचा नंबर सिनेमा लावण्याआधी फोनमध्ये हवा. मोठी तपासणी लागली तर महूला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, पण रात्री अकरा वाजता पहिले दोन तास महत्त्वाचे असतात, ते जवळच्या दवाखान्यात.

मग त्याला द्यायचं काय? दहा किलोच्या, नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला सुमारे ६३० किलोकॅलरी लागतात आणि वरखाऊ त्याच्या दहा टक्क्यांत बसवायचा, म्हणजे साठेक. त्यात १५ ग्रॅम पनीर किंवा २५ ग्रॅम उकडलेलं चिकन आणि दोन मोठे चमचे दही बसतं. बिनमिठाच्या, बिनतुपाच्या लाह्या पाच-सहा. त्याही नीट फुललेल्याच. न फुटलेला टणक दाणा दाताला चीर पाडतो किंवा घशात अडकतो, म्हणून हाताने निवडून द्याव्यात.

सगळ्यात चांगला उपाय इडलीपात्राच्या थाळीचा. दोन चमचे साधं दही, एक चमचा उकडून कुस्करलेला लाल भोपळा, साखर-मीठ काही नाही. इडलीच्या खळग्यांत बोटाने पातळ थापावं आणि तीन-चार तास फ्रीजरमध्ये ठेवावं. काढल्यावर लगेच देऊ नये. थंडगार स्टीलला ओली जीभ चिकटते. पाच मिनिटं ओट्यावर ठेवावी, कडेला पाणी सुटलं की द्यावी. थाळीखाली ओलं फडकं, म्हणजे ती फरशीवर सरकत आवाज करत नाही. खळग्यात जीभ पोचवायला वेळ लागतो. वीस मिनिटं जातात, आणि संथ चाटण्याने कुत्रा निवतो. सिनेमा सुरू झाला की ही थाळी द्यायची, आधी नाही. ती चाटून संपेपर्यंत त्याची पापणी जड झालेली असते.

आवाज. फोनवर आवाज मोजणारं अ‍ॅप मिळतं. ते त्याच्या गोधडीवर ठेवून बघावं. बोलण्याला ५५-६० डेसिबल पुरतात. त्रास बोलण्याचा नसतोच, आपण बोलणं ऐकू येईना म्हणून आवाज वाढवतो आणि पुढच्या क्षणी स्फोट होतो, त्याचा असतो. बहुतेक टीव्ही आणि साउंडबारमध्ये ‘नाइट मोड’ असतो. तो बारीक आवाज उचलतो आणि मोठा दाबतो. तो लावावा. सबवूफर फरशीवर ठेवला तर त्याचा दणका कोट्यातून थेट पोटाशी पोचतो. तो जाड रबरावर ठेवावा किंवा बंद करावा. पडद्यावर खाली संवादांचा मजकूर लावला तर आवाज आणखी दोन घरं कमी करता येतो.

पडद्यावरची दाराची बेल हा वेगळा धडा आहे. आपल्या दाराची बेल फोनवर रेकॉर्ड करावी, अगदी बारीक वाजवावी आणि वाजताक्षणी गोधडीवर तुकडा. दिवसाला दहा वेळा, दर दोन दिवसांनी आवाज थोडा वर. भुंकला तर आवाज जास्त झाला. कण्हणाऱ्या किंवा मार खाणाऱ्या कुत्र्याचा आवाज असलेला सिनेमा मात्र त्याच्याबरोबर बघू नये. त्या आवाजाची सवय त्याला लावावी, असं मला वाटत नाही.

बाहेरचा आवाज आपल्या हातात नाही. देवउठनी ग्यारस, म्हणजे कार्तिकी एकादशी, झाली की लग्नांचे बँड सुरू. भारताने सामना जिंकला की राजवाड्यावर गर्दी आणि शहरभर फटाके. अशा रात्री खिडक्या आधीच बंद, जाड पडदे, पंखा चालू, म्हणजे त्याच्या सलग घरघरीत बाहेरचे दणके बोथट होतात. तरी तो दिवाणाखाली शिरला तर शिरू द्या, ओढून काढू नका. जवळ खाली बसून हात ठेवलात तर भीती लाडावते असं म्हणतात, ते खरं नाही. भीती ही भावना आहे, हट्ट नव्हे.

आता मध्यंतर. आपल्या सिनेमांना ते असतं हे कुत्रा पाळणाऱ्यांचं भाग्य आहे, आणि सव्वा तासाने पडद्यावर आलेली ती पाटी पुढे पळवू नये. ती सात-आठ मिनिटं त्याची आहेत. पिल्लू असेल तर त्याचं वय जितके महिने त्यात एक मिळवून येतील तितके तास ते जास्तीत जास्त धरू शकतं, पण हा आकडा दिवसाच्या शांत वेळचा. खेळलं-प्यायलं असेल तर दर तासाला न्यावं. म्हाताऱ्या कुत्र्यालाही दोन तासांवर ताटकळत ठेवू नये. पाणी मात्र कधी काढून घ्यायचं नाही. दहा किलोच्या कुत्र्याला दिवसाला अर्धा लिटरभर लागतं, त्याचं भांडं खोलीतच हवं.

खाली नेताना बिल्डिंगच्या आवारातही दोरी. रात्री साडेदहाला गल्लीतले कुत्रे आपापल्या हद्दींवर बसलेले असतात. फाटकाशी तोंडाला तोंड लागलं की पुढचा अर्धा सिनेमा धुमसण्यात जातो. मागच्या भिंतीकडचा कोपरा बरा. खिशात कागद आणि पिशवी. २०१७ पासून वर्षानुवर्षं स्वच्छतेत पहिल्या आलेल्या शहरात हे सांगावं लागू नये. चेंडू नाही, धावणं नाही, नाहीतर त्याचं अंग पुन्हा तापतं. वर आल्यावर पाय पुसून ‘जागा’, दोन मिनिटं हात पाठीवर, आणि मग उरलेला सिनेमा.

हात कसा ठेवायचा हेही शिकण्यासारखं आहे. डोक्यावर थापट्या बहुतेकांना आवडत नाहीत. छाती, खांदा, कानाचं मूळ, इथे सावकाश, केसांच्या दिशेने. पाच सेकंदांनी थांबावं. त्याने नाकाने हात ढोसला तर पुन्हा. मान वळवली तर पुरे. कधी तो नुसता वर बघतो, मऊ डोळ्यांनी. २०१५ साली जपानी संशोधकांनी दाखवलं, की असं एकमेकांकडे बघताना माणूस आणि कुत्रा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन हे संप्रेरक वाढतं, आई-बाळाच्या नात्यात जे असतं तेच. त्या वेळी पडद्यावर काय चाललं आहे ते चुकलं तरी चालतं, मागे नेता येतं.

झोप लागल्यावर वीसेक मिनिटांत पंजे थरथरतात, ओठ फुरफुरतात, घशात दबलेलं ‘वुफ्’ येतं. तो स्वप्नात आहे. उठवू नका, विशेषतः मुलांना सांगा, कारण दचकून उठलेला शहाणा कुत्राही चावू शकतो. उठवायचंच असेल तर लांबून नाव घ्यावं. झटका वेगळा दिसतो: अंग ताठ, डोळे उघडे पण हाकेला ओ नाही, कधी शू होते. म्हाताऱ्या कुत्र्याचे श्वास या वेळी मोजून ठेवावेत. अर्ध्या मिनिटात किती वेळा बरगड्या वर आल्या ते मोजून दुप्पट करावं. गाढ झोपेत ३० च्या आत हवेत. दोन-तीन रात्री सलग जास्त भरले तर हृदय तपासून घ्यावं. खोकला सुरू होण्याआधी हा आकडा बोलतो, आणि तो मोजायला सिनेमाच्या अंधारासारखी निवांत वेळ दुसरी नाही. अंधार मात्र पुरा नको. टीव्हीच्या मागे एक छोटा पिवळा दिवा असावा, म्हणजे पाण्याला उठलेल्या कुणाचा पाय शेपटीवर पडत नाही.

सिनेमा संपल्यावर एकदम ट्यूबलाइट लावू नये. आधी नाव, मग दिवा. तो पुढचे पाय लांब करून आळस देतो, मग मागचे. ते होऊ द्यावं. शेवटची फेरी खाली, चार मिनिटांची. तोवर घरात उरलेल्यांनी लाह्यांचे टणक दाणे वेचावेत, सोफ्याच्या फटीत हात घालून बघावा, आणि रिमोट उंच फळीवर ठेवावा. हाताचा आणि शेवेचा वास असलेला रिमोट रात्री एकट्या कुत्र्याला चावायला आवडतो आणि आतला सेल फुटला तर तोंड भाजतं. गोधडी उचलून तो रोज झोपतो तिथे नेताना झटकू नका, उलटीही करू नका. जिथे तो तीन तास पडला होता तो भाग हाताला अजून कोमट लागतो. ती बाजू वर ठेवा.